हौशी वर, श्रुती खाली

आमच्या घरात इंटरनेटच्या बाबतीत म्हशीचा नंबर माझ्या मुलीच्या वर होता आणि हा क्रम मी स्वतः लावला होता.

हे मी आजवर आपणहून कुणाला सांगितलेलं नाही. मी मुळातच कमी बोलणारा. (बायको म्हणते, "ह्यांच्या तोंडातनं शब्द काढायचा म्हणजे विहिरीतनं कासव काढायचं!") पण आता मन मोकळं करतोच.

घरामागं आमच्या आबांचा गोठा आहे. त्यातली हौशी म्हैस तेव्हा गाभण होती, दिवस भरत आलेले. आबा अठ्ठ्याहत्तरचे, गुडघे दुखतात, म्हणून मी गोठ्यात दोन कॅमेरे बसवून दिले आणि हौशी त्यांच्या मोबाईलवर आणून ठेवली. झालं! आबा जेवताना हौशी बघायचे, चहा पिताना हौशी बघायचे. चित्र जरा अडकलं की हाक यायची, "बाळ्या! हौशी हालंना झालीया!" मी त्रेपन्न वर्षांचा बाळ्या धावत गोठ्यात जायचो. हौशी निवांत रवंथ करत असायची. अडकलेलं असायचं ते नेट.

अशात राउटरच्या ॲपमध्ये मला 'प्राधान्य' नावाची जागा सापडली. समजायला सोपी होती. नेट म्हणजे पंगतीतलं वाढप. ताण आला की राउटर आधी वरच्या ओळीत वाढणार, उरलं तर खालच्या. कुणाला कुठं बसवायचं ते आपण ठरवायचं. शहाण्या माणसानं कुणाला कशासाठी नेट लागतं याचा विचार केला असता. मी लग्नपत्रिकेत घालतात तशी मानानं नावं घातली! आधी आबांचा मोबाईल. मग गोठ्यातले कॅमेरे. (आबांच्या म्हशीला खाली बसवणं म्हणजे आबांनाच खाली बसवणं!) मग मी. मग बायकोचा टीव्ही. श्रुतीचा लॅपटॉप सगळ्यांत शेवटी, 'कमी' लिहिलेल्या कप्प्यात. घरातली धाकटी ना! पत्रिकेत धाकट्यांची जागा कुठं असते? 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' तिथं.

महिनाभरानं श्रुतीची पुण्याच्या कंपनीची ऑनलाइन मुलाखत झाली. तिसऱ्याच प्रश्नाला तिचं चित्र तोंड उघडं असताना थिजलं. बाहेर आली ती डोळे पुसतच. "पप्पा, माझा आवाजच जात नव्हता. शनिवारी अकराला परत घेतो म्हणालेत. पण शेवटचं."

त्या क्षणी मला तो 'कमी'चा कप्पा आठवला. तोंड उघडलं आणि त्यातनं बाहेर पडलं, "हा सलीमभाई! वायरच धड टाकत नाही!"

सलीमभाई म्हणजे आमच्या गल्लीत नेट देणारा सज्जन माणूस. मी त्याला फोनवर नको नको ते बोललो. तो बिचारा तीनदा गच्चीवर चढला. इकडं मी गुपचूप श्रुतीला वर घेतलं. पाच मिनिटांत हाक आली, "बाळ्या! हौशी हालंना!" मी श्रुतीला परत खाली ढकललं. म्हटलं, शनिवारी सकाळी बघू.

शनिवारी सकाळी साडेदहाला मी खिशातनं मोबाईल काढतोय तोवर दारात सलीमभाई!

"दादा, त्या दिवशी तुम्ही बोललासा ते मनाला लागलं. आज ताईंची मुलाखत हुईस्तवर मी हितंच बसतो."

आणि तो बसला. माझ्या शेजारी. खांद्याला खांदा लावून. त्याच्यादेखत ॲप उघडायचं कसं? मी मोबाईल घेऊन न्हाणीघरात गेलो. तिथं वायफाय पोचेना. पुन्हा गेलो. पुन्हा पोचेना.

"दादा, पोट बिघडलंय व्हय?"

अकरा वाजले. आतल्या खोलीचं दार बंद झालं. दोन-चार मिनिटं बरी गेली आणि मग श्रुतीचा आवाज चढला, "हॅलो सर? सर, माझा आवाज येतोय का? हॅलो?"

सलीमभाई ताडकन उठला. आपल्या मोबाईलवर काहीतरी मोजलं. "बाहेरनं नेट फुल्ल येतंय की! घरातच कोणतरी खातंय. दादा, ॲप उघडा बघू तुमचं."

"पासवर्ड विसरलोय."

"त्याला बोटाचा ठसा लागतोय की ओ!"

मी बोटाकडं बघत बसलो. बाहेरच्या सोप्यातनं आबा ओरडले, "बाळ्या! हौशीनं पाय झाडला बघ! काय झकास दिसाय लागलंय!" आतनं श्रुती, "सर, प्लीज, एक मिनिट..."

"जाऊ दे," सलीमभाईनं राउटरच्या वायरीला हात घातला. "ही काढून नवीनच लावतो."

वायर निघाली की मुलाखत संपली! आयुष्यात ओरडलो नव्हतो तेवढ्या मोठ्यानं मी ओरडलो, "थांबा! वायर चांगली आहे! मी केलंय! श्रुतीला मीच खाली टाकलंय! म्हशीच्या खाली!"

दार उघडलं. श्रुतीनं माझं बोट धरून माझ्याच मोबाईलवर दाबलं आणि यादी बघितली.

"टीव्हीच्या पण खाली?"

"माझं नाव त्यात घेऊ नका हं!" स्वयंपाकघरातनं बायको.

अर्ध्या मिनिटात लॅपटॉप वर आणि कॅमेरे तळाला गेले. "बाळ्या! हौशी..." आबांनी सुरुवात केली, पण सलीमभाईनं त्यांचा हात धरला. "चला आबा, गोठ्यातच जाऊन बघू." जाता जाता त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर परवडलं असतं. "तीनदा चढलो की ओ गच्चीवर, दादा," एवढंच म्हणाला.

मी मान खाली घालून श्रुतीच्या मागोमाग खोलीत गेलो. माफी मागायची होती. पडद्यावर तिघे साहेब अगदी स्वच्छ दिसत होते. माइक चालूच होता. इतका वेळ सगळा आवाज तुटत होता, पण माझी कबुली तेवढी अख्खी पुण्याला पोचली होती!

"श्रुती, मघाशी कोण ओरडलं? सगळं ठीक आहे ना?"

"हो सर. नेटमधला बिघाड सापडला."

नोकरी लागली. नंतर तिनं सांगितलं, पुढचा प्रश्न होता, 'दबावाखाली एखादा बिघाड मुळापर्यंत जाऊन शोधलाय का?' उदाहरण द्यायची तिला गरजच पडली नाही. ते तिच्या मागं उभं होतं. बनियनवर.