जंटलमन जागचा हलला नाही

सिरिल बूथरॉइडची उभी हयात लोकांच्या घरातली गॅसची गळती शोधण्यात गेली. जिथे वास येत नाही तिथेच आधी नाक खुपसायचं, हा त्याचा नियम. निवृत्तीनंतर तो थॉर्नबेक गावच्या क्रिकेट संघाचा अंपायर झाला, पण खोड गेली नाही. सारं गाव जाइल्स पेनफोल्डला जंटलमन म्हणायचं, आणि नेमका म्हणूनच सिरिलला त्याचा संशय यायचा.

जाइल्स पेशाने वकील आणि गावच्या संघाचा भरवशाचा फलंदाज. कड लागून झेल गेला की अंपायरच्या बोटाची वाट न पाहता हा स्वतःहून तंबूकडे चालू लागायचा.

"अगदी आजोबांवर गेलाय," बायका कौतुकाने म्हणायच्या.

ते आजोबा सिरिलने लहानपणी पाहिले होते. त्या काळी पैसे न घेता खेळणारा तो जंटलमन. छापील धावपत्रकावर त्याच्या नावाआधी 'मिस्टर' लागे आणि मैदानात उतरायला मधलं फाटक असे. सिरिलचा बाप मजुरी घेऊन गोलंदाजी करायचा. त्याचं नुसतं आडनाव छापायचे, आणि यायचं बाजूच्या फाटकाने. एका संध्याकाळी बूट काढता काढता बाप म्हणाला होता, "आज थोरल्या पेनफोल्डची कड लागली. अख्ख्या मैदानाने ऐकली. अंपायर तेवढा बहिरा झाला."

सिरिलने नातवावरही नजर ठेवली होती. चार मोसमांत जाइल्स अकरा वेळा स्वतःहून गेला. अकराही वेळा सामना जिंकल्यात जमा होता, नाहीतर हरल्यात.

"अरे, एखादा माणूस खरंच चांगला असतो," बायको मॅव्हिस म्हणायची.

"असेल ना. पण आवाज न करणारा बॉयलरच मी आधी उघडायचो."

यंदा मात्र गावात चर्चा होती ती सिरिलच्याच कानाची. डाव्या कानात यंत्र बसलं होतं. जूनमध्ये उघड उघड कड लागलेला झेल त्याला ऐकूच आला नाही. संघाची चिटणीस ब्रेंडा सग्डेन तोंडावर म्हणाली, "सिरिल, चषकाचा शेवटचा सामना तू कर. पण आणखी एक चूक झाली, तर पांढरा कोट खुंटीला." तो शनिवारच्या सामन्यांचा कोट गेला तर सिरिलच्या आठवड्यात उरत काय होतं? मंगळवारी कानाचा दवाखाना आणि गुरुवारी कचऱ्याची गाडी.

शेवटचा सामना शेजारच्या हॅबर्टनशी होता. थॉर्नबेकला नऊ धावा हव्या होत्या, दोन गडी बाकी होते आणि जाइल्स खेळत होता. चेंडू बॅटजवळून गेला, यष्टिरक्षकाने तो झेलला आणि हॅबर्टनचे अकराही जण ओरडले.

जाइल्स जागचा हलला नाही. मान खाली घालून हातमोजा नीट करत राहिला.

आणि ओरडा आपोआप विरला. गोलंदाजाने वर केलेले हात खाली घेतले. "जाऊ दे," तो आपल्या कर्णधाराला म्हणाला, "लागला असता तर पेनफोल्ड गेला असता."

सिरिलला 'टक' ऐकू आलं होतं. बारीक, पण आलं होतं. आज जिंकल्यात जमा नव्हतं आणि हरल्यातही नव्हतं. याच दिवसासाठी हा अकरा वेळा चालत गेला! सिरिलने बोट वर केलं.

जाइल्स बॅट काखेत मारून तंबूकडे चालू लागला. थॉर्नबेक तीन धावांनी हरलं.

चहाच्या टेबलाशी ब्रेंडाने केक कापायची सुरी खाली ठेवली. "काढ तो कोट, सिरिल. विरोधी गोलंदाज सोडून देतो, आणि आपला अंपायर आपल्याच माणसाला बाद देतो!"

"राहू दे, ब्रेंडा," मागून जाइल्स म्हणाला. "लागला होता."

ब्रेंडा गर्रकन त्याच्याकडे वळली.

"मग गेला का नाहीस?"

"हरायचं नव्हतं."

मग कुणीतरी त्याची पाठ थोपटली. "सगळ्यांसमोर कबूल करायला छाती लागते बाबा. जंटलमन तो जंटलमनच!" ब्रेंडाने केकचा मोठा तुकडा जाइल्सच्या बशीत वाढला, आणि कोटाचं नावही पुन्हा काढलं नाही.

सिरिलचं डोकं फिरलं. चोर सापडला तर त्यालाच हार घालतात! तो जाइल्सला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "बॅट दाखव."

"कशाला?"

"कडेला चेंडूचा लाल डाग असेल."

"पुसली मी," जाइल्स म्हणाला. "सिरिल, तू काय ऐकलंस?"

"टक."

"मग झालं तर." आणि तो चहा आणायला गेला. चालताना त्याच्या अजून न काढलेल्या पॅडचं सुटलेलं बक्कल दुसऱ्या पॅडवर आपटत होतं. सिरिल यंत्राचा कान तिकडे करून ऐकत राहिला. मघाचं 'टक' म्हणजे हाच आवाज? की तो जरा वेगळा होता?

घरी जाताना मॅव्हिसने विचारलं, "त्याने तुझा कोट वाचवला. आभार तरी मानलेस का?"

"त्याने खरं सांगितलं असेल, तर आभार कसले? तो लबाड आहे."

"आणि खोटं सांगितलं असेल तर?"

सिरिलने कानातलं यंत्र चाचपलं. मग म्हणाला, "तर आभार मानायचे म्हणजे मला ऐकू येत नाही हे कबूल करायचं."

मॅव्हिसने कुंपणाचं दार उघडलं. अंगातला कोट तसाच ठेवून सिरिल आत गेला.