लाभपंचमीचं पागोटं

माझ्या जाऊबाईंचा सत्कार माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर झाला. वाचून हसू येत असेल तर खुशाल हसा. मला तेव्हा आलं नव्हतं, आणि अजूनही येत नाही.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि मी नंदुरबारला नवी सून होते. आमची मिरचीची आडत होती. खेड्यापाड्यांतले शेतकरी गाड्या घेऊन यायचे, माल आमच्या आवारात उतरायचा, व्यापारी तो बघायला यायचे आणि दोघांमधला सौदा आम्ही करून द्यायचो. आम्ही म्हणजे जाऊबाई. मोठे दीर तापानं गेले तेव्हा भाऊबंद म्हणाले, आडत विकून टाका. जाऊबाईंनी त्यांना एका वाक्यात वाटेला लावलं, "आडत इकानी नही."

घरात पुरुष म्हणाल तर आमचे हे होते. स्वभावानं गरीब, दिसायला देखणे, गादीवर बसून पान लावण्यात वाकबगार. मिरची मात्र त्यांना सोसायची नाही. पथारीवर, म्हणजे माल वाळत घालायच्या मैदानावर, पाय ठेवला की शिंकांवर शिंका. तिथे फाटक्या पदरानं नाक बांधून दिवसभर देठं खुडायच्या त्या बायकाच, आणि त्यांच्यात कंबर कसून उभ्या असायच्या जाऊबाई.

बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. आडत्या आणि व्यापारी हातांवर रुमाल टाकत, आतल्या आत एकमेकांची बोटं दाबत आणि भाव ठरला की रुमाल उचलत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाची हालचाल बघायचा. त्याला सांगतील तो भाव. जाऊबाईंनी पहिल्या दिवशी हात पुढे केला, तर सगळे मागे सरले. परक्या बाईचा हात, त्यात विधवेचा. धरायचा कुणी?

"मंग जोरमा बोला," जाऊबाई म्हणाल्या. "माले बी कान शेतस."

माल चांगला होता, म्हणून व्यापारी नाइलाजानं तोंडानं बोलू लागले. बोलले की शेतकऱ्याला ऐकू जायचंच. कुणी किती म्हणालं, कुणी चढवलं, सगळं उघड. मग कोरीट गावच्या गाड्या आमच्याकडे वळल्या, त्यामागून प्रकाशा गावाकडच्या. बाकीच्या आडत्यांच्या पोटात दुखायला लागलं, ते काही मिरचीमुळे नव्हे.

दिवाळीनंतर लाभपंचमीला नव्या हंगामाचा मुहूर्त असे. त्या दिवशी बाजारातली मोठी माणसं गेल्या हंगामात नाव काढलेल्या आडतीचा मान करत. मालकाला लाल पागोटं बांधत, आणि पागोटंवाला वर्षातला पहिला सौदा रुमालाखाली करी. तिथे एकदा हात रुमालात घातला, की त्या आडतीनं वर्षभर रुमालातच सौदा करायचा, अशी रीत. मोडेल त्याच्या मालाला कुणी शिवायचं नाही.

त्या साली बाजाराचे पुढारी, एक वयस्क मारवाडी शेठ, आमच्या ओट्यावर येऊन बसले. "बाईंनी आडतीचं नाव काढलं. यंदाचं पागोटं तुमच्या घराला," ते म्हणाले. मग यांच्याकडे वळून, "भाऊंना बांधू." जाताजाता शहाणपणही सांगून गेले, "धंद्यात झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई."

"मूठ तुमनी झाकेल, शेठजी," जाऊबाई म्हणाल्या. "पन लाख कोना?"

शेठ नुसते हसले. डाव तर आंधळ्यालाही दिसत होता. यांचा हात रुमालात गेला की जाऊबाईंचं तोंड बंद, आणि वर मान दिला म्हणून आम्ही आभार मानायचे.

मी यांना धारेवर धरलं. हे म्हणाले, "अवं, मान घरना ऱ्हास."

"घरना मान, मंग डोकं तुमनंच कसाले?"

पण यांची पागोट्याची हौस काही जाईना. आयत्या बिळावर नागोबा! त्याहून राग आला जाऊबाईंचा. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे वं. बांधी लेऊ दे त्यास्ले." मला वाटलं, ही बाई वाकली. सगळ्या बाजाराला बोलतं करणारी बाई एका पागोट्यापुढे गप्प बसते म्हणजे काय? मी त्या दिवशी जेवले नाही.

लाभपंचमीला बाजाराच्या पटांगणात गादी घातली होती. मी लांबून एका भिंतीआडून बघत होते. यांना पागोटं बांधलं. खरं सांगायचं तर शोभत होतं. पहिला माल आमच्याच आडतीचा, कोरीटच्या एका शेतकऱ्याचा. पोतं उघडलं, शेठनी हातावर रुमाल टाकला आणि यांनी हात पुढे केला.

तेवढ्यात जाऊबाई आल्या. एकट्या नाहीत, पथारीवरच्या सगळ्या बायका मागे. मुहूर्ताला बायका कधी येत नसत, त्यामुळे माणसं बाजूला झाली. जाऊबाईंनी शेठकडे पाहिलंसुद्धा नाही. शेतकऱ्याला विचारलं, "दादा, माल कोनाकडे आना?"

"तुमनाकडे, बाई."

"मंग सौदा कसा व्हवाले पाहिजे?"

शेतकऱ्यानं एकदा शेठकडे बघितलं, एकदा स्वतःच्या मिरचीकडे. "मन्हा कानले ऐकू यावाले पाहिजे," तो म्हणाला.

यांचा हात रुमालाच्या काठावर थांबला होता. हे गोंधळून इकडेतिकडे पाहत होते, आणि शेठची बोटं त्यांना आत ओढत होती. मग माझं मलाच कळलं नाही. बाईनं चारचौघांत नवऱ्याला हाक मारायची नाही, हे मला शिकवलेलं होतं. मी ओरडले, "अहो, हात भाईर काढा!"

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. यांनी चटका बसल्यासारखा हात काढला.

जाऊबाईंनी मूठभर मिरची उचलून उंच धरली आणि भाव पुकारला. कुणी बोलेना. शेठ बोलेनात, म्हणून बाकीचे बोलेनात. माल तसाच पडून राहिला असता तर आमची आडत त्या दिवशीच बुडाली असती. जाऊबाईंनी पुन्हा पुकारलं, आवाज तोच. मग मागून एक लहान दुकानदार पुढे आला. रुमालात त्याला कुणी कधी हातच देत नसत. त्यानं घसा खाकरला आणि मोठ्यानं भाव बोलला. त्यावर दुसऱ्यानं चढवला. शेतकऱ्यानं ऐकला, मान हलवली आणि त्या सालचा मुहूर्त तोंडानं झाला.

यांनी पागोटं उतरवून शेठपुढे धरलं. शेठचा चेहरा मिरचीपेक्षा लाल झाला होता. "बांधलेलं पागोटं परत घेत नाहीत," ते म्हणाले आणि उठून गेले. जाऊबाईंनी ते यांच्या हातून घेतलं.

पथारीवर आल्यावर त्यांनी विळी मागवली. पागोटं उलगडलं, तर लांबच लांब निघालं. विळीवर धरून त्यांनी त्याचे तुकडे केले आणि देठं खुडणाऱ्या एकेकीच्या हातात एकेक दिला. "ज्यास्ना मान, त्यास्ना नाकले," म्हणाल्या. एक मलाही मिळाला. हे शिंकत शिंकत मागे आले होते. त्यांनी हात पुढे केला, "माले बी दे वं." त्यांना दिला, पण सगळ्यांत शेवटी. तो बांधून ते पहिल्यांदाच आमच्यात खुडायला बसले.

दुपारी शेठ पथारीजवळच्या रस्त्यानं निघाले. ते दिसले की आम्ही बायका डोक्यावरचा पदर कपाळावर ओढत असू. त्या दिवशी एकीनंही ओढला नाही. त्यांचं लाल पागोटं नाकाला बांधून आम्ही त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि मान खाली घातली ती शेठनी.