रिकामी म्हणायच्या आधी

बाबा बँकेत बंदूकधारी रखवालदार होते. बंदूक दुनळी, परवाना त्यांच्या नावावर, त्यामुळे ती मुक्कामाला घरीच यायची. सत्तावीस वर्षांत तिच्यातून एकही गोळी सुटली नाही, पण रविवार सकाळचं तिचं तेलपाणी कधी चुकलं नाही. "उठली का माझी सवत?" असं विचारत आई जुन्या बनियनच्या चिंध्या काढून द्यायची.

बाबांची शिस्त म्हणजे घरादाराला वीट येईल अशी. बंदूक उघडायची, दोन्ही नळ्यांत डोकावायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. नंतर घरातल्या दुसऱ्या माणसाने स्वतः पाहून "रिकामी" म्हणायचं. तेव्हाच बंदूक मिटून जाड भिंतीकडे रोखायची आणि चाप ओढायचा. त्या खटक्यावरून आत तेल कुठे कमी पडलंय ते त्यांना कळायचं. "रिकामी" म्हणायचं काम आईकडे होतं.

त्या रविवारी मी माहेरी आले होते. आई बाबांच्या शेजारी तांदूळ निवडत बसली होती. बाबांनी डोकावलं, करंगळी फिरवली. "रिकामी," आई म्हणाली. मान ताटातच. मला हसू आलं आणि केवळ तिची खोडी काढायला मी वाकून पाहिलं. उजव्या नळीत काडतुसाचं पितळी बूड चमकत होतं.

"बाबा, थांबा!"

त्यांनी काडतूस काढलं. शनिवारी बँकेतून निघताना ते नळीतच राहिलं होतं. बाबांनी पुन्हा करंगळीने ते दाबून पाहिलं, मग माझ्याकडे बघितलं. "काहीच लागत नाही गं बोटाला," ते म्हणाले. साखरेने बोटं बधिर होऊन सहा महिने झाले होते. मोतीबिंदूही होताच. नोकरी जाईल म्हणून दोन्ही गोष्टी पोटात ठेवल्या होत्या. मला भयंकर राग आला.

आईने ताट बाजूला सारलं. "मी कधी बघितलंच नाही हो. तुम्ही एवढं तपासताय म्हटल्यावर..."

"आणि मी तुझ्या भरवशावर," बाबा म्हणाले. "सहा महिने."

मग आई रडली. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

सोमवारी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले. त्यांनी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं, बोटांसकट. साहेब भला माणूस. त्यांनी दार लोटून घेतलं. "काका, निवृत्तीला आठ महिने उरलेत. गोळी सुटली नाही, कोणाला लागलं नाही. घरची गोष्ट घरात राहू द्या. कोणाला कळणार आहे?"

बाबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"हिची आई तिथे बसली होती, साहेब," ते म्हणाले. "इथून त्या खुर्चीएवढ्या अंतरावर."