साडूभाऊ श्रद्धांजली लिहितात

शहादा तालुक्यात कोणाला मरायचंच असेल, तर त्याने माझ्या मोठ्या साडूंच्या हयातीत मरून घ्यावं, असं आमच्याकडच्या जाणत्या मंडळींचं स्पष्ट मत आहे. सुतक फिटायच्या दिवशी आमच्याकडे गंधमुक्ती असते. मांडव पडतो, जेवण असतं आणि जेवणाआधी भाषणं असतात. पूर्वी या भाषणांच्या वेळी लोक मागे जाऊन आचाऱ्याशी गप्पा मारत. साडूभाऊ बोलणार असले की हल्ली आचारीसुद्धा झारा हातात धरून पुढे येऊन बसतो.

तसे ते साखर कारखान्यातले कारकून. कोणाचा ऊस कधी तुटणार, त्याच्या चिठ्ठ्या लिहिण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे चिठ्ठ्या कॉम्प्युटर छापू लागला. बरोबरीचे कारकून कॉम्प्युटरला शिव्या देत बसले आणि हे संध्याकाळच्या क्लासला जाऊन, पोरासोरांत बसून तो शिकून आले. मग वार्षिक सभेचे अहवाल लिहू लागले, निवृत्तीनंतर मानपत्रं, आणि मानपत्रांची गिऱ्हाइकं वयोमानाने पुढे सरकली तशी श्रद्धांजली. मध्ये गुजराती शिकून झालं, अळिंबीची लागवड शिकून झाली. ती अळिंबी कोणी खाल्ली नाही, पण तिच्यावरचा लेख छापून आला. आमची मेहुणी म्हणते, "या मानूसनी शाया बारमाही चालू शे. उन्हायानी सुट्टी बी नही."

खरी उलथापालथ झाली ती ऑनलाइन लेखन कार्यशाळेने. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून साडूभाऊ समोर मांडी घालून बसायचे. पडद्यावरच्या बाई, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या, एक दिवस म्हणाल्या, "विशेषणं टाळा, माणूस दाखवा." साडूभाऊंनी तोवर अख्खा तालुका 'मनमिळाऊ, निगर्वी आणि धर्मपरायण' म्हणून पोचवला होता. यात धाकट्या भावावर कोर्टात केस घातलेले दोघेतिघे होते. साडूभाऊंना फार ओशाळल्यासारखं झालं. पुढच्याच गंधमुक्तीत ते उभे राहिले आणि म्हणाले, "अप्पा दुसऱ्याच्या ताटातली मिरची न विचारता उचलून खायचे. बैल विकल्यावर कितीतरी दिवस रिकाम्या गोठ्यात जाऊन बसायचे, आणि कोणी पाहिलं तर दोरी शोधतोय म्हणायचे." मांडवात आधी बायकांकडून हसू आलं. अप्पांचा थोरला मुलगा संतापून उठला, पण गोठ्यापर्यंत ऐकून झाल्यावर खाली बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडू लागला. नंतर बोलायला आलेल्या पुढाऱ्याने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन मिनिटं शांतता पाळू या म्हणून मोकळा झाला.

तेव्हापासून साडूभाऊंचा अभ्यास वाढला. विसरवाडीच्या हायवेवर पंक्चर काढणारे एक चाचा गेले, त्यांच्या शोकसभेचं बोलावणं आलं, तर तिथे काय बोलावं आणि काय बोलू नये हे विचारायला ते आधी मौलानांकडे जाऊन आले. माणूस दाखवायचा तर तो जिवंतपणी पाहिलेला बरा, म्हणून ते आजाऱ्यांना भेटायला जाऊ लागले. हेतू निर्मळ होता, पण त्यांची स्कूटर गल्लीत शिरली की बायका देव पाण्यात ठेवत. साध्या तापाने पडलेला एकजण स्कूटर दारात थांबलेली पाहून उठला आणि तडक शेतात निघून गेला. साडूभाऊ म्हणाले, "चला, गुण आला."

अशा माणसाला त्याच्याच थोरल्या भावाने कोंडीत पकडलं. दादा ब्राह्मणपुरीला असतात. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडली, औत धरलं आणि धाकट्याला शिकवलं. गेल्या हिवाळ्यात नंदुरबारच्या दवाखान्यातून ते घरी आले, खाटेवर टेकले आणि म्हणाले, "तू सर्वा तालुकाले रडावस. मन्हं बी लिख आनि माले वाची दखाड. मी मरी जासू, मंग माले काय समजाव?"

साडूभाऊंना लिहिता येईना. ज्याने दुसऱ्याची माणसं एका बैठकीत कागदावर उतरवली, तो घरच्या माणसापाशी अडला. त्यांनी आठवणी लिहायचा आणखी एक वर्ग लावला. बाई म्हणाल्या, लहानसा प्रसंग निवडा. "सगळे लहानच आहेत हो," साडूभाऊ मला म्हणाले, "पण एकही गाळवत नाही." मेहुणी सांगायची की ते जेवताना मध्येच घास हातात धरून बसतात. मला त्यांची काळजी वाटू लागली होती.

शेवटी एका रविवारी दुपारी दादांच्या ओट्यावर वाचन ठरलं. दादा लोडाला टेकून बसले. आम्ही चौघंपाचजण होतो. साडूभाऊ मांडवात वाचतात तसे उभे राहिले. दादांनी पहिल्याच ओळीला हात वर केला, "ती गाय तांबडी नही, कायी व्हती." कागदावर गाय काळी झाली. पुढे सायकल आली, शहाद्याची शाळा आली. "शाळेच्या फाटकाशी दादांनी स्वतःचं दप्तर काढून माझ्या खांद्याला अडकवलं आणि सायकल शेताकडे वळवली," इथवर साडूभाऊंनी वाचलं आणि त्यांचा आवाज बंद झाला. कागद तसाच समोर धरलेला. मेहुणी पदर डोळ्याला लावून आत गेली.

दादा म्हणाले, "थांब. पानी पे. माले कोठे जावानी घाई शे?"

उरलेलं वाचन अजून झालेलं नाही. साडूभाऊ दर रविवारी ब्राह्मणपुरीला जातात, दोघे भाऊ चहा पितात, कापसाच्या भावावर भांडतात, आणि कागदाचं नाव कोणी काढत नाही. दादा आता काठी न घेता ओट्यावर येतात. परवा मीच साडूभाऊंना विचारलं, बाकीचं कधी वाचणार? ते चष्मा पुसत म्हणाले, "आजून हात बठना नही. शिकी ऱ्हायनू."

या एका बाबतीत त्यांचा हात कधीच बसू नये, असं मला फार मनापासून वाटतं.