मागे घेतलेली साक्ष

डॉक्टरीणबाईंनी माझी जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, घशात छोटा गोल आरसा घातला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग हात धुता धुता विचारलं, आवाज कधीपासून बसलाय? मी म्हटलं, पंधरा दिवस झाले असतील. खरं म्हणजे कित्येक महिने लोटले होते.

त्या म्हणाल्या, ट्युबरक्युलर लॅरिंजायटिस. मग मराठीत समजावून सांगितलं: छातीतला क्षय आता कंठात, आवाज निघतो त्या पेटीत शिरला आहे. छाती तर कधीचीच धरली आहे. "मार्थाबाई, तुम्ही शिकलेल्या. इतके दिवस आला का नाहीत?"

लाज वाटली असं इथे लिहायला हवं, पण मला राग आला होता, आणि तोही देवाचा. मी त्याचं काम करत होते आणि त्याने नेमका माझा आवाज काढून घेतला होता. शाळेतली बाई कशी शिकवणार आवाजाशिवाय?

हे लिहायचं कारण एवढंच, की ज्यांना संध्याकाळची कसकस लागते, खोकला महिनाभर हटत नाही, त्यांनी माझ्यासारखा शहाणपणा करू नये. मला गोड बोलता येत नाही. गोड ऐकायचं असेल त्यांनी दुसरं काही वाचावं.

लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नाही. मी नागावला दिराकडे येऊन राहिले. तिथून अर्ध्या कोसावर कोळीवाडा. एकदा सुकी मासळी घ्यायला गेले, तर हिरुबाई नावाच्या कोळणीने छपराच्या वाशात खोचलेलं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि वाचायला सांगितलं. मुंबईला गोदीत कामाला असलेला तिचा भाऊ वारला होता. पत्र येऊन महिना झाला होता. अख्ख्या वाड्यात ते वाचणारं कोणी नव्हतं. भाऊ जाऊन महिना झाला तरी ही बाई रोज बाजारात हसत मासळी विकत होती.

त्या संध्याकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा मला स्पष्ट कळलं, की या वाड्यातल्या पोरींना अक्षर देणं हे माझं काम आहे आणि ते देवाने सांगितलं आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत याला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हणतात. मी हट्टी बाई, एकदा धरलं की धरलं.

अडवायला सगळे होतेच. दीर म्हणाले, दुसरं लग्न कर. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, अलिबागच्या आपल्या शाळेत ये, राहायला खोली देतो, कोळीवाड्यात कशाला वास घेत बसतेस? वाड्यातले पुरुष म्हणाले, पोरी शाळेत बसल्या तर बोंबील कोण सुकवील? मग मी बोंबील सुकतात तिथेच शाळा भरवली. बांबूच्या वलांडींवर बोंबलांच्या जोड्या टांगलेल्या, खाली आम्ही वाळूत. पोरी कावळे हाकलता हाकलता बाराखडी म्हणायच्या. मी तोंडाने म्हणायची, त्या माझ्यामागून. पाटी एकीजवळही नव्हती.

सुरुवातीला नऊ पोरी होत्या. कोणी माझ्या हातचं पाणी पीत नसे. मी बाटलेली, असं घरून सांगितलेलं. हिरुबाईची थोरली चंद्री, नऊ वर्षांची, मला खेटून बसायची. एका दुपारी तिने सरळ माझा तांब्या उचलला आणि तोंड लावून पाणी प्यायली. मी आनंदाने नागावपर्यंत जवळजवळ पळतच गेले. तेव्हापासून ती रोज माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायची आणि मी रोज मनात देवाचे आभार मानायची.

तिसऱ्या वर्षी गणपतीच्या सुमारास मला खोकला लागला. दुपार कलली की अंग तापायचं, पहाटे उशी घामाने ओली. आमच्या मंडळीने माझ्यासाठी तीन दिवस उपास-प्रार्थना केली. खोकला थांबला. हे क्षयात होतं, मधेच उसंत मिळते, असं डॉक्टरीणबाईंनी पुढे सांगितलं. तेव्हा मला काय ठाऊक?

पीक घरात आल्यावर आमच्यात उपकारस्तुतीची उपासना असते. ज्याला देवाकडून काही मिळालं असेल त्याने उभं राहून सगळ्यांसमोर साक्ष द्यायची. मी उभी राहिले. देवाने मला पूर्ण बरं केलं, असं खणखणीत आवाजात सांगितलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हिरुबाई आणि वाड्यातल्या चार बाया आमच्या देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पुढच्या आठवड्यात शाळेत पाच पोरी वाढल्या. पाळकसाहेबांनी मला आणखी दोन गावांच्या मंडळ्यांत नेलं आणि तीच साक्ष द्यायला लावली.

तीन आठवड्यांनी ताप परत आला.

आता सांगा, काय करायचं होतं मी? साक्ष दिली की दिली. ती कोणी परत घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं. बाया म्हणतील, हिचा देव देतो आणि काढून घेतो. शाळा बंद पडेल. मी ठरवलं, हा मला खचवण्याचा सैतानाचा डाव आहे, याला भीक घालायची नाही. लवंगा चघळायची, तोंड फिरवून खोकायची, बोंबलाची धूळ घशात गेली म्हणायची. आवाज घोगरा झाला तेव्हा म्हटलं, पोरींमागे ओरडून बसला. एके सकाळी रुमालावर रक्त दिसलं, तो रुमाल मी चुलीत घातला. असे पाच महिने. शेवटी तोंडातून शब्दच फुटेना, तेव्हा अलिबागला मिशनची डॉक्टरीण आली होती तिच्यापुढे जाऊन बसले.

रेवसहून बोट, मुंबईहून आगगाडी, आणि मग घाटावरचं सॅनेटोरियम. म्हणजे क्षयरोग्यांची वस्ती. लांबलचक पडवी, ओळीने खाटा, दिवसातून तीनदा तोंडात थर्मामीटर. औषध असं नाहीच. दूध, अंडी, हवा आणि पडून राहणं. छातीसाठी आर्टिफिशियल न्यूमोथोरॅक्स, म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून आत हवा सोडतात, त्या हवेने फुप्फुस दाबलं जातं आणि त्याला विश्रांती मिळते. सुई आत जाताना दुखतं. नंतर श्वास अर्धाच येतो. घाबरू नका, सवय होते.

कंठासाठी व्हॉइस रेस्ट. सहा महिने बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. उशाशी पाटी. शेजारच्या खाटेवरची बाई रोज बोलायची, एके दिवशी तिची खाट रिकामी होती. कुठे गेली, असं तिथे कोणी कोणाला विचारत नसे.

चौथ्या महिन्यात पाळकसाहेबांचं पत्र आलं. प्रकृतीची चौकशी, मंडळीचे सलाम, कोळीवाड्यातली शाळा बंद झाली, आणि हिरुबाईची चंद्री खोकल्या-तापाने गेली.

मी तिथल्या डॉक्टरांपुढे पाटी धरली: माझ्यामुळे? ते वयस्क होते, उगीच धीर देणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "नक्की कोणालाच सांगता येणार नाही. पण रोज तुमच्याजवळ बसत होती, तुमच्या भांड्यातलं पाणी पीत होती, तर तुमच्याकडूनच लागलं असं धरून चला. पुढे कोणाला लागू नये म्हणून तरी."

मला रडायचीही मोकळीक नव्हती. हुंदक्याने कंठावर ताण येतो. नर्स यायची, खांदा दाबायची आणि मानेने नको म्हणायची. उरलेले दिवस मी देवाशी बोलले नाही, मनातल्या मनातही नाही. त्याला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पोरीने तांब्या उचलला त्या दुपारी मी किती खूश झाले होते, एवढंच आठवत राहायचं. ते आठवलं की जीव नकोसा व्हायचा. अजूनही होतो.

चौदा महिन्यांनी सोडलं. स्पुटम, म्हणजे थुंकी, तीनदा तपासली, जंतू सापडले नाहीत. फुप्फुस डागाळलेलं पण शांत. आवाज गेला तो गेला. आता जे निघतं ते कागद फाटल्यासारखं, दोन हातांपलीकडे ऐकू येत नाही.

परत आल्यावर पाळकसाहेबांना म्हटलं, मला साक्ष मागे घ्यायची आहे. त्यांना ते आवडलं नाही. लोकांचा विश्वास डळमळेल, म्हणाले, देवाचं नाव खराब होईल. मी लिहून दिलं, की नाव राखायचं काम देवाने मला सांगितलं नव्हतं, त्याने पोरींना शिकवायला सांगितलं होतं. मी त्याची अब्रू राखत बसले आणि त्याची पोर घालवली. रविवारी उपासनेत माझा तो कागद त्यांनीच उभं राहून वाचला. मी शेजारी उभी होते. बाहेर पडताना निम्म्या बायांनी मला सलाम केला नाही.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात गेले. हिरुबाई जाळ्याला गाठी मारत होती. मी जवळ बसले, तर ती जरा सरकली. मी फाटक्या आवाजात सगळं सांगितलं. क्षमा मागायची होती, पण तो शब्द तोंडात आला नाही, फार लहान वाटला.

तिचे हात थांबले नाहीत. "बाय, तू खोकत व्हतीस ता आमाला सगल्यांना ठाव व्हता. आंधली हाव का आमी? पर तूच देवलात उभी राहून बोललीस, बरी झाले. देवाच्या घरात कोन खोटा बोलंल? म्हनून पोरीला धाडीत रायले."

मी उठले. वलांडीपर्यंत गेले असेन, तेवढ्यात तिने मागून हाक मारली. धाकटी सोनी तिच्या पाठीशी उभी होती.

"हिला शिकव," ती म्हणाली. "पर लांब बस."

आता सहा पोरी आहेत. दर तीन महिन्यांनी मी अलिबागला थुंकी तपासून घेते आणि तो कागद हिरुबाईपुढे धरते. तिला वाचता येत नाही, म्हणून तो सोनी वाचून दाखवते. पोरींना मी काही ऐकवू शकत नाही. फळीवर खडूने लिहिते, मोठी पोर मोठ्याने वाचते, चुकली की मी टाळी वाजवते. चंद्री असती तर ती मोठी पोर तीच असती. मी दहा हातांवर बसते, अशा बाजूला, की वारा पोरींकडून माझ्याकडे येईल. दुपारी वारा फिरतो. मग मी उठते आणि पलीकडे जाऊन बसते.