रेडिएटरातली हळद

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाई. बायकोजवळ, कमलजवळ, तर नाईच. यंदा पोळ्याच्या आधी ती गेली. आता घरात लपवायचं तरी कोणापासून? म्हणून तुम्हाले सांगतो. तुम्ही मले ओळखत नाई, तेच बरं हाय.

ती गेली तेव्हा बायकांनी तिले आंघोळ घातली, हळद लावली. सवाष्ण गेली की लावतातच. मी उठलो न गोठ्यामागं जाऊन ओकलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याले सोसवलं नाई. सोसवलं नाई, हे खरं. पण काऊन — हे कोणाले ठाऊक?

बांगलादेशची लढाई होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी वर्ध्यात एका शेठजीची मोटार चालवत होतो. जुनी काळी गाडी, रेडिएटर गळका. झाळून घ्यायचा होता — आज करू, उद्या करू. तेवढ्यात माझ्या साळीचं, बायकोच्या बहिणीचं, सुमनचं, लगन निघालं. लगन पवनारजवळ माझ्या सासऱ्याच्या घरी, नवरदेव कारंजा घाडगेच्या पलीकडचा. शेठजीनं एका दिवसापुरती गाडी देली.

नवरदेवाले लावून उरलेली हळद नवरीकडं येते, ती उष्टी हळद तिच्या अंगाले लागते, हे तुम्हाले माहीतच हाय. वऱ्हाड ट्रकनं मागून येणार होतं. म्हणून हळद आणाले मोठा जावई, मीच गेलतो. नवरदेवाच्या मायनं, अनसूयाबाईनं, पितळेचा डबा माझ्या हाती देला. वर लाल फडकं बांधलेलं.

"जावईबापू, भुईवर टेकवू नका हं. मी सोता दळली हाय."

आर्वीच्या रस्त्याले लागलो न भरदुपारी गाडी उकळली. वैशाखातलं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाई. वाकून पाह्यलं तर खाली धार लागलेली. साबण रगडून पाह्यला, वाहून गेला. शेतात एक घर होतं. अंगणातल्या रांजणातून डबडंभर पाणी घेतलं. हाक मारली — कोणी ओ देली नाई. दार मात्र उघडं.

आम्हा ड्रायवर लोकायचा एक उपाय असते. गळक्या रेडिएटरात हळद टाकायची. गरम पाण्यात ती फुगते न भोक धरून बसते. आणि सीटवर तो डबा. चिमूटभर घेतो म्हणलं, कोणाले समजते? चिमटीनं भागलं नाई. मग मूठ. मग आणखी एक मूठ. शेवटी डबा खंगाळून ओतला. धार थांबली! खोटं काऊन बोलू — मले हरीक झाला. मग रिकाम्या डब्याकडं पाह्यलं.

हळद ती हळद, त्याच घरी मागू, म्हणून परत गेलो. दारातून आत पाह्यलं. जमिनीवर एक बाई निजवलेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पायाचे अंगठे सुतानं बांधलेले. तोंड, हात, पावलं — पिवळीधम्मक. उशाशी एक म्हातारी, तिच्यापुढं परात. एवढ्या उन्हाळ्यात त्या घरात एक माशी नव्हती. एकही नाई.

"माणसं लाकडाले गेली," म्हातारी म्हणाली. मी काही इचारलं नव्हतं. तिनं माझ्या हातातला डबा पाह्यला न परात पुढं सारली. "तिले लावून झाली. उरली हाय. ने."

मी नेली. माझ्या हातानं डब्यात भरली. पळालो काऊन नाई? लगनाच्या घरी रिकाम्या हातानं जायची लाज — दुसरं काही नाई. गाडी निघाली तसा समोरून उकळत्या हळदीचा वास येत होता. बाजूचा डबा मात्र गार. त्या उन्हात गार.

लगनघरी मावससासूनं फडकं सोडलं. "अवं माय, काळसर काऊन दिसते हे?"

"तिकडूनच तशी आली," मी म्हणलं.

"न अर्धाच डबा!" सुमन म्हणाली. "भाऊजीनं वाटेत खाल्ली वाटते!" बायका हसल्या. मीही हसलो. अंगाले लागली तशी तिनं खांदे आखडले. "किती गार हाय वं."

दिवाळीच्या आत सुमन गेली. कावीळ. ती पाण्यानं होते, मलेही समजते. पण तिले पाहाले गेलो तेव्हा ते पिवळं तोंड — ते मी आधी पाह्यलेलं होतं.

तरी, मले जे सांगायचं हाय ते अजून सांगितलंच नाई.

तेरवीले माझी बायको अनसूयाबाईवर तुटून पडली. "तुमची हळदच काळी होती! करणी केली माह्या बहिणीवर!" सारं गाव जमलेलं. अनसूयाबाई रडली नाई. माझ्याकडं वळली.

"जावईबापू, डबा तुम्हीच नेला न? सांगा या लोकायले, कशी होती माही हळद?"

सगळे माझ्याकडं पाहून राह्यले होते.

"फडकं बांधलेलं होतं," मी म्हणलं. "मले काय माहीत?"

त्या दिवसापासून ती करणीवाली झाली. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. धाकट्या पोराले कोणी पोरगी देली नाई. माझी बायको मरेपर्यंत तिले शिव्या देत राह्यली न मी बाजूले बसून जेवत राह्यलो. एक खरा शब्द लागत होता. तो गिळायले काय जड होतं? काहीच नाई — रोज थोडा थोडा गेला पोटात.

बऱ्याच वर्षांनी अनसूयाबाई कारंज्याच्या बसस्टँडवर दिसली. एवढी गर्दी, पण तिच्या बाकावर कोणी नव्हतं. तिनं मले ओळखलं, सरकून जागा केली.

"बसा, जावईबापू. कमल बरी हाय न?"

"बरी हाय," मी म्हणलं. बसलो नाई. ती माझ्या तोंडाकडं पाहत राह्यली. माझी बस लागली, मी चढलो.

आत खिडकीपाशी एक बाई होती. तिनं बाहेर बोट दाखवलं न हळूच इचारलं, "भाऊ, ते करणीवाली म्हणतात ते हेच का?"

मी हो म्हणलं.