भांड्याच्या बुडावरचं नाव

चूक माझीच. माझ्या दहा मिनिटांच्या फिल्ममधली म्हातारी मयताच्या जेवणात विष कालवते, म्हणजे पुढचं मयत लवकर येतं आणि तिला पुन्हा शंभर माणसांचा स्वयंपाक करायला मिळतो. विष हॉटडिशमध्ये, म्हणजे वर कॉर्नफ्लेक्स पसरून ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्यांत. तिचं भांडं मी अर्डिसबाई टोलेफसन यांच्याकडून मागून आणलं होतं. चर्चच्या तळघरातल्या जेवणात भांड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्या गावात प्रत्येक बाई बुडाला चिकटपट्टी लावून नाव लिहिते. हे मी विसरलो. शेवटच्या दृश्यात म्हातारी भांडं उलटं करून खरवडते, आणि गावाला फिल्म दाखवली तेव्हा लायब्ररीच्या पडद्यावर हातभर अक्षरं उमटली: अर्डिस टोलेफसन.

बाई पहिल्याच रांगेत होत्या.

आमच्याकडची माणसं हसतात ती नाकातून. त्या दिवशी नाकंही बंद होती. दिवे लागल्यावर शेजारचे हार्लनकाका म्हणाले, "वेगळं आहे हं." आमच्या गावात याहून कडक टीका नाही. पाद्रीबुवा म्हणाले, "कॅमेरा मात्र स्थिर होता." अर्डिसबाई कोट चढवत म्हणाल्या, "कॉर्नफ्लेक्सचा थर पातळ घातलास, पोरा," आणि निघून गेल्या.

या बाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. मीही त्याच बसमधला. बर्फात एखादं पोर दारात दिसलं नाही, तर हॉर्न न वाजवता थांबायच्या. आत कोण बूट शोधतंय हे त्यांना ठाऊक असायचं. मयताचं जेवण त्यांच्याकडे चाळीस वर्षं. माणूस कशानं गेला ते ऐकून पानं किती पडतील ते सांगतात: अचानक गेला तर दीडशे, रेंगाळून गेला तर ऐंशी. स्वतःच्या नवऱ्याच्या मयतालाही त्या एप्रन बांधून उभ्या होत्या. कुणी बसा म्हणालं, तर म्हणाल्या, "बसून काय करू? तो काही उठून वाढणार नाही."

फिल्म मी इंटरनेटवर टाकली. अनोळखी लोक खूश. 'ही आजी मला दत्तक हवी.' 'आमच्या सासूबाईंकडे एक भांडं पाठवा.' माफी म्हणून हे सगळं मी बाईंना नेऊन दाखवलं. चष्मा लावून त्यांनी एकेक वाचलं.

"किती जण हसले?"

"चारशेच्या वर."

"त्यांना माझ्या हातचं खायचं नाहीये. गुरुवारी डेल्मर क्वालेच्या मयताचं जेवण आहे. चाळीस वर्षांत माझं भांडं भरलेलं परत आलेलं नाही, पोरा."

गुरुवारी मी तळघरात कॉफी ओतायला उभा राहिलो. बाईंची बटाट्याची हॉटडिश कुणीतरी हळूच टेबलाच्या टोकाला, लोणच्यांपलीकडे सरकवली होती. बाईंनी पाहिलं आणि चमचा सरळ केला. रिवाजाप्रमाणे घरची माणसं आधी. डेल्मरची बायको व्हर्ना टोकापर्यंत आली आणि थांबली. मागची अख्खी रांग थांबली.

"अर्डिस, विष घातलंयस?"

"नाही. मीठ जरा जास्त झालंय."

"घातलं असतंस तरी चाललं असतं. कबरस्तानात डेल्मरच्या शेजारची जागा माझीच आहे." आणि तिनं दोन मोठे चमचे वाढून घेतले.

रांगेत एक नाक वाजलं. मग दुसरं. हार्लनकाकांपर्यंत भांडं पोचलं तेव्हा कडेची खरवड उरली होती; त्यांनी तीही काढली.

बाईंनी रिकामं भांडं स्वतः विसळलं, दोनदा. मग हात पुसत म्हणाल्या, "माझं मोठं भांडं तुझ्याकडेच आहे."

"उद्या आणतो."

"रिकामं?"

रिकामं भांडं परत करणं आमच्यात बसत नाही. तीन आठवड्यांत मी दोनदा हॉटडिश केली. एक जळली, दुसरी कुत्र्यानंही हुंगून सोडली. परवा बाई पोस्टात भेटल्या. मीच विषय काढला.

"सावकाश दे," त्या म्हणाल्या. "फक्त माझ्या मयताआधी आण. त्या दिवशी लागेल."

बटाटे आणून ठेवलेत. भांडं अजून माझ्याकडेच आहे.